एकीच्या मागं एक

घरातलं कुणीतरी जातं, मागं आई आणि मुलगी उरतात, आणि त्या दोघींचं एकमेकींशी जमत नसतं. अशा कादंबऱ्यांचं मला वेड आहे. मराठी असो की अनुवादित, आमच्या वाचनालयातले काका आता न विचारता बाजूला काढून ठेवतात. ‘घ्या, रडायचं पुस्तक आलंय,’ म्हणतात. आणि रडते मी, त्यात लपवायचं काय! पण जवळजवळ प्रत्येक कादंबरीत एक प्रसंग येतो आणि तिथं माझे डोळे कोरडे होतात. तीनशे पानं एकमेकींना टाळत आलेल्या मायलेकी शेवटी समोरासमोर बसतात. मध्ये टेबल, टेबलावर गार झालेली कॉफी. आई म्हणते, मी तुला कधी सांगितलं नाही. मुलगी म्हणते, मी तुला कधी विचारलं नाही. मग कपाटातून एखादं जुनं पत्र निघतं, दोघी रडतात, आणि वीस पानांत आयुष्यभराची उधारी चुकती होते.

लेखिका चांगली असते, भाषा चांगली असते. माझंच अडतं. ह्या दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघून एवढं बोलतात तरी कशा?

परभणी जिल्ह्यात, गोदावरीपासून थोडं आत माझं माहेर आहे. तिथं दुःखाबद्दल समोरासमोर बसून बोलणाऱ्या मायलेकी मी पाहिलेल्या नाहीत. बोलत नाहीत असं नाही, भरपूर बोलतात. पण बोलताना एकीची पाठ दुसरीकडं असते. दुपारची भांडी झाली की आई ओसरीच्या कडेला बसते, लेक खालच्या पायरीवर, आईच्या गुडघ्यांच्या मधोमध. शेजारी खोबरेलाची बाटली, कंगवा, आणि कंगव्यानं न भागणाऱ्या कामासाठी बारीक दातांची फणी. आधी गुंता सोडवायचा, मग भांग पाडायचा, मग फणी. ह्या सगळ्याला चांगला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दिवस गेले, कुणाचा नवरा पिऊन मारतो, हे सगळं बोलून होतं. ज्या मुलीला जे सांगायचंय ते ती समोरच्या भिंतीला सांगते. आईला जे ऐकायचंय ते ती भांगाकडं बघत ऐकते. ऐकलेलं सोसलं नाही तर आईचा हात जरा जोरात ओढतो. त्यावर मुलगी ‘अगं दुखतंय’ म्हणते. कुठलं दुखतंय ते दोघींना माहीत असतं.

म्हणून मला वाटतं की आमच्या भागातली आई-मुलीच्या दुःखाची खरी गोष्ट जनाबाईनं लिहून ठेवली आहे, आणि तिलाही आता पावणेसातशे वर्षं होत आली. जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच घर सुटलं आणि पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तिच्या एका अभंगात ती म्हणते की आई मेली, बाप मेला, आता मला विठ्ठला तूच सांभाळ. इथपर्यंत कुणीही संतकवी आला असता. पण जनाबाई त्याच्या पुढच्याच ओळीत काय तक्रार करते? ‘माझी खात असे डोई.’ डोकं खाजतंय! जगात कुणी नाही याचा पुरावा काय, तर डोक्यात उवा झाल्या आहेत आणि काढायला माणूस नाही. मग देव रुक्मिणीला म्हणतो की माझ्या जनीला कुणी नाही, आणि स्वतः तेल-फणी घेऊन बसतो. केस विंचरतो, वेणी घालतो, वेणीला गाठ देतो. आणि ही बया एवढ्यावर थांबत नाही, वर म्हणते, आता पाठ चोळ.

पोरक्या मुलीच्या दुःखाचं याहून जवळून केलेलं वर्णन मला तरी वाचायला मिळालेलं नाही. शोक, विरह, रितेपण असले शब्द तिथं फिरकतही नाहीत. आई नसणं म्हणजे मागं कुणी बसलेलं नसणं, एवढं साधं आहे ते. आणि तो विठ्ठलही बघा, इतर वेळी विटेवर उभा राहून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत असतो. जनीसाठी मात्र तो तिच्या पाठीमागं जाऊन बसतो.

आमच्याकडं मयताच्या घरी बायका रडतात तेव्हाही तोंडं दिसत नाहीत. लेक फाट्यावर एसटीतून उतरते, गल्लीच्या तोंडाशी आली की हेल काढते. तो आवाज ऐकून घरातली बाई उठते आणि दोघी गळ्यात पडतात. गळ्यात पडलं की हिची हनुवटी तिच्या खांद्यावर, तिची हिच्या. दोघींची तोंडं उलट्या दिशांना. वरून दोघींचेही पदर पुढं ओढलेले. आणि मग जे रडणं चालतं ते नुसतं रडणं नसतं, त्यात बोलणं असतं, चालीवरचं. गेलेल्या माणसानं काल काय खाल्लं, कापसाचे पैसे आणायला गेला तेव्हा काय म्हणाला, कुणी त्याला शेवटपर्यंत छळलं, सगळं त्यात येतं. माझ्या एका आत्यानं भावाच्या मयतीत रडता रडता भावकीतला बांधाचा वाद काढला होता, सर्व्हे नंबरासकट. ज्याच्याबद्दल काढला तो गडी समोर टोपी हातात घेऊन बसला होता. त्याला उठताही येईना आणि उत्तरही देता येईना. एरवी ती बाई त्याच्यापुढं अवाक्षर बोलली नसती.

शहरातल्या माझ्या मैत्रिणींना हे रडणं नाटकी वाटतं, कारण ते एकदम थांबतं. आत्ता आभाळ फाडणारी बाई दुसऱ्या मिनिटाला नाक पुसून ‘चहा टाक गं, पाव्हणे लांबून आलेत’ म्हणते. मला त्यात खोटं काही वाटत नाही. उलट मला वाटतं की ज्या बाईला उभ्या जन्मात कुणी मध्ये न तोडता बोलू दिलं नाही, तिला बोलायला ही एक जागा आहे. तिची वेळ संपली की ती उठते. नवी पाव्हणी आली की पुन्हा बसते. दिवसभर असं चालतं आणि संध्याकाळी घसा बसलेला असतो. शेजारणींनी आणलेलं पिठलं-भाकरी मग सगळ्याजणी मुकाट खातात.

या रडण्यात लेकीला जागा आहे, पण मुक्कामाची नाही. नवरा गेलेल्या बाईचं काय करायचं हे गावाला पाठ असतं. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, पांढऱ्या कपाळाकडं बघायची ती नजर, सगळं ठरलेलं. क्रूर आहे, पण ठरलेलं आहे. बाप गेलेल्या लेकीचं काय करायचं हे मात्र कुणी ठरवलेलं नाही. ती तेरा दिवस माहेरी राबते, आल्यागेल्याचं बघते, चौदाव्या दिवशी पिशवी भरून सासरी जाते. तिथं पोरांचे डबे वाट बघत असतात. सासरचे चार दिवस हळू बोलतात. मग संपलं.

आमचे आबा गेले ते २०२३ साली. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं ही प्रथा बंद करायचा ठराव केला होता. पाठोपाठ राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं होतं. ते सगळं माझ्या मोबाइलमध्ये होतं. भावकीतल्या म्हाताऱ्यांशी भांडायच्या तयारीनंच मी गाडीत बसले होते. पोचले तर मायचे हात मोकळे. कुणी यायच्या आत तिनं न्हाणीत बसून साबणाच्या पाण्यानं एकेक बांगडी सरकवून काढली होती आणि पितळी डब्यात ठेवून दिली होती. एकीलाही तडा नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘फोडायच्या कामून? चांगल्या हायत की.’ प्रथा मोडली म्हणावं तर हात रिकामेच होते, पाळली म्हणावं तर फोडायला आलेल्या बायकांच्या हाती काही लागलं नाही. मी तयार केलेलं भाषण तसंच राहिलं.

सुतकात आमच्याकडं डोक्याला तेल लावत नाहीत, फणी फिरवत नाहीत. दहाव्याला गंगाखेडच्या घाटावरून माणसं परत आली, आणि मग माहेरच्यांनी मायच्या टाळूवर तेल घातलं. घातलं म्हणजे रीत म्हणून थेंब टेकवला. दहा दिवसांच्या धुळीनं, रडण्यानं, उशीवर घासून केसांच्या जटा झाल्या होत्या. दुपारी सगळे पांगल्यावर मी बाटली घेऊन तिच्या मागं बसले. जन्मात पहिल्यांदा जागा उलट झाली होती. तिचे केस एवढे विरळ झालेत हे मला माहीत नव्हतं. कानामागची कातडी लहान बाळाच्या कातडीइतकी मऊ होती, आणि तिथंच एक जुना व्रण होता, कशाचा ते मी कधी विचारलं नव्हतं. मी टोकाकडून गुंता सोडवत वर वर येत होते. ती समोर गोठ्याकडं बघत होती. बराच वेळ गेल्यावर म्हणाली,

‘तुझ्या आबानं मला एकदाबी नावानं हाक मारली न्हाई.’

मी काही बोलले नाही. फणी चालू ठेवली.

‘अगं म्हणायचे. न्हाईतर ऐकलंस का. न्हाईतर पोराच्या नावानं. परवा दवाखान्यात त्या पोरीनं कागद भरताना विचारलं, आजोबा, बायकोचं नाव सांगा. तर सांगितलं त्यांनी. सगळं नाव. माझ्या बापाच्या नावासकट.’

मग थोडं थांबून म्हणाली, ‘बरं वाटलं ऐकून.’

मला आबांनी दिवसातून दहादा नावानं हाक मारलेली. शेतातून येताना फाटकापासूनच मारायचे. त्या दहा दिवसांत मी ज्यासाठी रडत होते ते तेच होतं, ती हाक. आणि इथं माझी माय चाळीसहून जास्त वर्षं त्याच एका हाकेवाचून त्याच माणसाबरोबर राहिली होती. एकाच घरातून एकच माणूस गेला होता, पण तिचा गेला तो वेगळा आणि माझा गेला तो वेगळा. आमच्या दोघींच्या रडण्यात सारखं असं फार थोडं होतं. कादंबऱ्यांमध्ये दुःख मायलेकींना जवळ आणतं म्हणतात. मला त्या दुपारी ती जरा लांबची वाटली, शेजारच्या गावातली एखादी बाई वाटावी तशी. आणि खरं सांगायचं तर त्या लांबूनच ती मला पहिल्यांदा नीट दिसली.

हे ती तोंडासमोर बसून बोलली असती का? मला नाही वाटत. मी पुढ्यात असते तर तिला माझं रडणं दिसलं असतं, आणि मग तिनं आपलं सोडून माझं बघितलं असतं. आया तेच करतात.

जुन्या काळी समोरासमोर बसायची एक जागा होती, ती म्हणजे जातं. एकाच खुंट्याला दोघींचे हात, गुडघ्याला गुडघा. पण नजर दोघींचीही दगडावर, आणि बोलायचं ते ओवीत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. त्यात आई, लेक आणि माहेर यांच्या ओव्या इतक्या आहेत की वाचताना धाप लागते. आई आहे तोवर माहेर, मग भावजयीचं राज्य, हे तर किती तऱ्हांनी येतं! दुसऱ्या बाजूनं तोडीला तोड म्हणही आहे, माय मरो पण मावशी उरो. ही म्हण ज्यानं काढली त्याला आई मेल्याचा अनुभव नसावा, किंवा मावशी फारच चांगली असावी. पुढं गावात गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. आता मायलेकी शेजारी शेजारी बसतात आणि दोघी टीव्हीकडं बघतात. मालिकेतल्या सुनेचं काय चुकलं यावर तासभर बोलतात. ते बोलणं मालिकेबद्दल असतंच असं नाही.

मायला मी एकदा अशी एक कादंबरी वाचून दाखवली होती. ती चौथी शिकलेली, अक्षर लावून वाचते, पण बारीक टाइप दिसत नाही. तो समोरासमोरचा प्रसंग आला. मी आवाजात भाव आणून वाचत होते. माय तुरीच्या शेंगा सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, ‘ह्या दोघीला कामं न्हाईत काय?’

थट्टा वाटेल, पण त्यात समीक्षा आहे. तिच्या हिशेबात दुःखाला वेगळी खोली नाही. ते शेंगा सोलताना, गोवऱ्या लावताना, बँकेच्या रांगेत असताना करायचं असतं.

आपल्याकडच्या देवीच्या कथांमध्येही मी हे शोधत असते, रिकामपणचा उद्योग. माहूरच्या रेणुकेची कथा मुलाच्या शोकाची आहे. आई गेली म्हणून परशुराम आक्रोश करतो, आकाशवाणी होते की ती पुन्हा प्रकट होईल, फक्त मागं वळून बघू नकोस. त्याला धीर निघत नाही, तो वळतो, आणि तोवर जमिनीतून मुखच तेवढं वर आलेलं असतं. म्हणून माहूरला देवीचा तांदळा आहे, मुखापुरता. तुळजापूरची कथा विधवेची आहे. कर्दम ऋषी वारल्यावर अनुभूती सती जायला निघते, पण पदरात लहान मूल असतं म्हणून मागं राहते, तप करते, आणि तिच्यावर संकट येतं तेव्हा भवानी धावून येते. म्हणजे आईसाठी रडणारा मुलगा आहे, मुलासाठी जगणारी आई आहे. आईसाठी रडणारी मुलगी माझ्या माहितीतल्या पीठांमध्ये सापडत नाही. ती थेट गंगाखेडलाच भेटते, डोकं खाजवत.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर हात-दोन हात पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी तीच घरं अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यातली, म्हणजे आताच्या धाराशिवची, ५२ गावं जमीनदोस्त झाली. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. आमच्या घरातली उतरंड हलली तेवढंच मला आठवतं.

पुढं कॉलेजात त्या भागातली एक मुलगी माझ्या खोलीत होती. त्या रात्री तिची धाकटी बहीण गेली. ही आणि तिची आई वाचल्या. दोन-तीन वर्षांनी आईला पुन्हा मुलगी झाली आणि आईनं तिला गेलेल्या मुलीचंच नाव ठेवलं. पत्र्याच्या शेडमधून पुनर्वसनाच्या नव्या गावात राहायला गेले तेव्हा सगळी घरं सारखी, रस्ते पट्टीनं आखलेले, शेजार बदललेला. त्या रस्त्यावर उभं राहून आई संध्याकाळी धाकटीला त्या नावानं मोठ्यानं हाका मारायची. माझ्या मैत्रिणीला ते नाव तोंडातून काढताच यायचं नाही. ती बहिणीला ‘छोटी’ म्हणायची. एकाच मुलीला दोन नावांनी वाढवलं त्या घरानं. आईला ते नाव पुन्हा पुन्हा घ्यायचं होतं आणि लेकीला ते तिथंच राहू द्यायचं होतं, आणि या विषयावर दोघी कधीही एक शब्द बोलल्या नाहीत. छोटी मात्र दोन्ही हाकांना ओ द्यायची. अशा घरावर चारशे पानं लिहिली तरी मी एका बैठकीत वाचीन, फक्त शेवटी कुणी पत्र काढू नये.

आणि जाणं म्हणजे दर वेळी माणूसच जाणं असतं का, असंही वाटतं. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून, आमच्या गोदाकाठच्या गावांतूनही, ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत परत येणं नाही. मोठी लेक आजीजवळ राहते, धाकट्यांचं बघते, किंवा आईबरोबर फडावर जाऊन पाचटाच्या कोपीत स्वयंपाक करते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कित्येक जणी ऐन तिशीतल्या. ‘पिशवी काढली’ एवढंच त्या सांगतात, आणि कामाचा खाडा पडायचा नाही म्हणून, डॉक्टरनं भीती घातली म्हणून, अशी कारणं देतात. लेकीला हे कोण सांगतं? बहुधा कुणीच नाही. लेक आईला वाकताना कण्हताना ऐकते आणि जड घागर आपण उचलते. ह्या घागरीला कादंबरीत कुठं बसवायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला एवढंच म्हणायचंय की आमच्याकडं मुलींना आईचं दुःख असं वजनावरून कळतं.

आबांच्या तेराव्यानंतर मी निघायची तयारी करत होते. पिशवीत साड्या भरत होते. माय पाठमोरी बसून डबे पुसत होती. ‘सही करून टाक बाई,’ म्हणाली. ‘माहेर राहील.’

हक्कसोडपत्राची गोष्ट. बाप गेला की वारसांची फेरफार नोंद होते, सातबाऱ्यावर बायको, मुलं, मुली सगळ्यांची नावं लागतात, आणि मग लेकींना साडीचोळी करून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हिस्सा दिला. २००५ मध्ये केंद्राचा कायदा बदलला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं मिळतो, कायदा बदलला त्या दिवशी बाप हयात होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. कागदावर शंका उरलेली नाही. आणि तरी माझ्या ओळखीतल्या शिक्षिका, नर्स, एक फौजदारीण बाई, सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. जमीन घेतली तर भाऊ तुटतो, सोडली तर पंचमी-दिवाळीला मुराळी येतो. बाप गेल्याच्या दुःखात लेकीला हा सौदा करायचा असतो, आणि तो सौदा तिच्यापुढं मांडायचं काम बहुतेक घरांत आईकडं येतं. भाऊ स्वतः बोलत नाही.

मला त्या क्षणी राग आला, तो आजही पुरता गेलेला नाही. तिनं ते माझ्या भल्यासाठी म्हटलं हेही खरं. तिच्या आयुष्यात माहेर हीच एक जागा होती जिथं ती बसून जेवली. ती जागा माझी राहावी म्हणून ती माझा हिस्सा देऊन टाकायला निघाली होती. स्वतःच्या तीन भावांना तिनंही अशीच सही दिलेली आहे, आणि त्यातला एक भाऊ आबांच्या मातीला आला नव्हता.

मराठवाड्यातली आई-मुलीची कादंबरी कुणी लिहीत असेल तर मोठा प्रसंग त्या कचेरीत घडवावा, असं मी सुचवीन. भिंतीला टेकून बाक असतो. आपला नंबर येईपर्यंत मायलेकी त्या बाकावर शेजारी शेजारी बसतात, एकीच्या मांडीवर आधारकार्डांची पिशवी. समोर पान लावत उभे असलेले साक्षीदार. आत गेलं की यंत्रावर अंगठा ठेवायचा, कॅमेऱ्याकडं बघायचं. दोघींनी एकमेकींकडं बघायची गरजच पडत नाही.

मी तेव्हा सही केली नाही. बघू म्हणाले. पंचमीला भाऊ मुराळी म्हणून आला, येताना कागद घेऊनच आला. चहा घेताना त्यानं ते पिशवीतून काढले, माझ्या नवऱ्याला दाखवले, परत पिशवीत ठेवले. मी परत बघू म्हणाले. माहेरी चार दिवस राहिले, पुरणाची दिंडं खाल्ली, मायनं दोनदा वेणी घातली. बोलणं झालं ते पावसाचं आणि सोयाबीनवरच्या अळीचं.

दसऱ्यानंतर एका दुपारी वहिनीचा फोन आला, आवाज चढलेला. ‘ताई, तुमच्या मायनं काय केलं माहिताय का? वकिलानं त्यांच्या हिश्शाचा कागद म्होरं केला तर म्हणल्या, आधी सगळा वाचून दाखव. वाचून झाला तर म्हणल्या, ह्याच्यात माझं नाव निघायलंय, मंग मी ऱ्हायचं कुठं? आन वरून म्हणल्या, पोरीच्या सहीचं मला इचारू नका, ती शिकलेली हाय. वकिलासमोर! ह्यांचं तोंड एवढंसं झालं. आता तुमीच समजावा त्यांना.’

माझं सकाळीच मायशी बोलणं झालं होतं. तुरीला फुलोरा बरा लागलाय म्हणाली होती, बाकी काही नाही.

‘बघते,’ मी वहिनीला म्हटलं. ‘दिवाळीला येतेच आहे.’